फियाट पळते की अँबॅसिडर ओढते? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात पद्मिनीबद्दल, म्हणजे आपल्या फियाटबद्दल लिहिताना ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो, की फियाट पळायला हलकी आणि अँबॅसिडर ओढायला दमदार. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. काहींना राग आलाय, काहींना आकडे हवेत आणि काहींच्या दारात खरंच गाडी उभी आहे आणि त्यांना निर्णय घ्यायचाय. सगळ्यांची पत्रं छापता येणार नाहीत, पण ज्यात कामाचं काही आहे ती घेतलीत.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या आजोबांची १९७५ ची पद्मिनी वाड्यामागच्या शेडमध्ये १२ वर्षं उभी आहे, आणि मामांकडे १९७१ ची अँबॅसिडर मार्क टू आहे, तीपण बंद. मामा म्हणतात न्यायची तर माझी ने. दोन्ही नीट करायची आमची ऐपत नाही, एकच करणार. मामांचं म्हणणं असं की अँबॅसिडरचं इंजिन जवळजवळ दीडपट मोठं, मग पॉवरचा प्रश्नच येत नाही. कागदावर खरंच एवढा फरक आहे का? (सातारा)

उत्तर : मामांचं अर्धं बरोबर आहे. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी आणि मार्क टूचं १४८९ सीसी, म्हणजे दीडपटीला थोडं कमी. पॉवर मात्र त्या हिशोबात वाढलेली नाही. पद्मिनी साधारण ४० बीएचपी (म्हणजे हॉर्सपॉवर) आणि मार्क टू ५० च्या आसपास, जुन्या माहितीपत्रकात कुठे ५५ पण दिसेल, कारण त्या काळी पॉवर मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या आणि काही वेळा इंजिनावरचा फॅन, डायनॅमो वगैरे काढून मोजायचे. म्हणून असे आकडे दोन-चार इकडेतिकडे धरूनच चाला.

आता एक काम करा, पॉवरला वजनाने भागा. हे कोणी करत नाही आणि सगळी भांडणं इथेच होतात. पद्मिनी ८९५ किलोची आणि अँबॅसिडर ११०० च्या वर. भागून बघितलं तर दोघींनाही टनामागे ४५ च्या आसपास बीएचपी येते! म्हणजे नुसत्या पॉवरवर दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्याच. हे मला स्वतःला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं होतं.

मग फरक कुठाय, तर तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पिळायच्या जोरात, आणि तो जोर कुठल्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो त्यात. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, अँबॅसिडरचा बोअर ७३ आणि स्ट्रोक जवळजवळ ८९. म्हणजे अँबॅसिडरचा पिस्टन खूप लांबवर खालीवर जातो, आणि लांब स्ट्रोकच्या असल्या जुन्या इंजिनाचा स्वभावच असा की कमी आरपीएमला भरपूर ओढणार पण वर गेलं की धापा टाकणार. पद्मिनीचा टॉर्क ७० न्यूटन मीटरच्या आसपास, तो ३००० ला, आणि अँबॅसिडरचा १०० च्या पुढे, तोही अडीच हजारांच्या आतबाहेर. इथे वजनाने भागलं तरी अँबॅसिडर पुढेच राहते. म्हणून पाच माणसं आणि डिकीत गव्हाचं पोतं घेऊन ती तिसऱ्या गिअरवर मुकाट चढते आणि फियाटला दुसरा पाडावा लागतो.

अजून एक हिशोब देतो, हा मला फार आवडतो. दोन्ही इंजिनं ४००० आरपीएमवर नेली तर फियाटचा पिस्टन सरासरी सेकंदाला १० मीटर वेगाने पळतो आणि अँबॅसिडरचा जवळजवळ १२ मीटर. इंजिन तेवढंच फिरतंय पण अँबॅसिडरमधल्या पिस्टनला, कनेक्टिंग रॉडला, बेअरिंगला जास्त सोसावं लागतंय. त्यात दोन्ही इंजिनांच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला, आधार द्यायला मेन बेअरिंग तीनच. म्हणून जुने ड्रायव्हर म्हणायचे की अँबॅसिडरला ताणू नका, गिअर लवकर टाका, आणि फियाटवाले म्हणायचे जरा फिरू दे तिला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

पण बाळा, तुझ्या निर्णयासाठी हे सगळं दुय्यम आहे. दोन्ही गाड्यांना वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे इंजिन परत बांधता येतं पण पत्रा आतून सडला असेल तर ती गाडी मुळातच गेली. दोन्ही गाड्यांचं मॅटिंग उचलून फ्लोअर बघ, दारांच्या खालचे पट्टे बघ, मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर जिथे बॉडीला बसतात ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ. टण्ण वाजलं तर पत्रा आहे, धप्प वाजलं तर आत पुट्टी आणि गंज. ज्या गाडीचा पत्रा जिवंत आणि आरसी बुक घरात, ती घे. आणि दोन्ही सारख्या असतील तर मी आजोबांची घेईन.

प्रश्न : तुम्ही ओढायला अँबॅसिडर म्हणता, मग मुंबईत सगळ्या टॅक्सी फियाट का होत्या? माझ्या वडिलांनी ३१ वर्षं काळीपिवळी चालवली, त्यांना अँबॅसिडर दिली असती तरी घेतली नसती. (डोंबिवली)

उत्तर : तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. पहिलं कारण अगदी साधं, फियाट बनायचीच मुंबईत, कुर्ल्याला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आधी अमेरिकन गाड्या जोडल्या आणि मग पन्नासच्या दशकात फियाट आली. गोल नाकाची ती पहिली ११००, जिला आपण सगळे डुक्कर फियाट म्हणायचो, ती याच कारखान्यातली. अँबॅसिडर तिकडे हुगळीकाठी उत्तरपाड्याला, म्हणून कोलकात्याची टॅक्सी अँबॅसिडर. जिथे कारखाना तिथे पार्ट, तिथे मेकॅनिक.

दुसरं कारण गाडीच्या मापात आहे. पद्मिनी लांबीला ३९०५ मिलिमीटर आणि अँबॅसिडर ४३२५, म्हणजे सव्वा फुटापेक्षा जास्त फरक, रुंदीलाही २० सेंटिमीटरचा. भुलेश्वरात किंवा गिरगावच्या वाडीत ज्याने टॅक्सी वळवलीय त्याला विचारा २० सेंटिमीटर म्हणजे काय. त्यात फियाट हलकी, लिटरला दोन-तीन किलोमीटर जास्त देणारी, आणि सिग्नलला उभं राहून परत निघायचं असं दिवसातून शंभर वेळा करायचं तर हलकी गाडी ड्रायव्हरचं अंग वाचवते. हँड गिअर, म्हणजे गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असल्यामुळे पुढे ड्रायव्हरशेजारीही माणूस सरळ बसायचा, मध्ये दांडा नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, आणि टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या आठवड्यात मी मुद्दाम मुंबईला गेलो होतो, दादर ते काळबादेवी एकीत बसलो. चौथ्या गिअरला थोडी थरथर होती, पण क्लच लोण्यासारखा. ड्रायव्हर सबंध रस्ताभर एक हात गिअरच्या दांड्यावर ठेवूनच होते.

प्रश्न : टॉप स्पीड आणि ० ते १००, एवढंच सांगा. बाकी नको. (नाशिक)

उत्तर : फियाट १२५ च्या आसपास, अँबॅसिडर १२० च्या आत. अँबॅसिडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घरातली, तिची हेच १४८९ सीसी इंजिन असलेली सिरीज टू १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये तपासली होती तेव्हा ताशी ११९ किलोमीटर आणि ० ते ९६ ला जवळपास २९ सेकंद मिळाले होते. आपल्या रस्त्यावर, आपल्या पेट्रोलवर आणि आपल्या वजनाने वेळ त्यापेक्षा जास्तच धरा.

पण तुम्ही विचारलं नाही तरी एक सांगणारच, या दोन्ही गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सर्व्हो (पायाच्या जोराला मदत करणारं यंत्र) नाही. १०० वरून थांबायला किती लागतं हे बघितल्याशिवाय १०० ला नेऊ नका. एक्स्प्रेसवेवर आपल्यापुढची आजची हॅचबॅक जिथे थांबते तिथे आपण थांबत नाही. मी ७० च्या वर नेत नाही आणि घाट उतरताना ज्या गिअरवर चढलो त्याच गिअरवर उतरतो, कारण ड्रम एकदा तापला की पायाखाली पेडल असतं पण ब्रेक नसतो.

प्रश्न : आमच्या १९६८ च्या फियाट डिलाइटबद्दल एक शंका. इटलीतल्या ११००डी ला १२२१ सीसी इंजिन होतं असं भावाने सांगितलं, मग आमचं १०८९ कसं? इंजिन बदललेलं आहे का कुणी? गाडी वडिलांनी पहिल्या मालकाकडून घेतली होती. (रत्नागिरी)

उत्तर : घाबरू नका, कुणी बदललेलं नाही. भाऊ बरोबर सांगतायत, इटलीत ११००डी ला १२२१ सीसीचं इंजिन होतं. पण आपल्याकडे १९६४ पासून डिलाइट बनायला लागली ती बॉडी नवी आणि इंजिन आधीचंच १०८९ सीसी, असं होतं. पुढे १९७२ मध्ये तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट झालं आणि १९७४ पासून पद्मिनी, इंजिन मात्र तेच चालत राहिलं. त्यामुळे इटालियन वेबसाइटवरचे पॉवरचे आकडे बघून आपली गाडी कमी पळते असं वाटून घेऊ नका, ती तेवढीच पळणार.

एक मात्र सांभाळा. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा पण हेड अॅल्युमिनियमचं आहे, आणि अँबॅसिडरचं हेड बिडाचं. अॅल्युमिनियम हलकं, उष्णता पटकन सोडतं, पण गाडी एकदा जास्त तापली की हेड वाकतं. पाण्याऐवजी कूलंट घाला म्हणून मी ओरडतो ते यासाठीच, नुसतं नळाचं पाणी घालून अॅल्युमिनियमच्या हेडची पाण्याची भोकं आतून खाल्ली जातात. माझ्या स्वतःच्या हेडला एकदा एका गॅरेजवाल्याने न विचारता दोनदा फेसिंग मारलं, म्हणजे तळ घासून सपाट केला, हेड इतकं खाली गेलं की जाड गॅस्केट शोधत मला ऑपेरा हाऊसच्या सगळ्या दुकानांत फिरावं लागलं. फेसिंगला देताना किती काढणार ते आधी विचारा आणि परत आल्यावर स्वतः मोजा.

आणि तुम्ही रत्नागिरीचे, म्हणजे खारी हवा. दर पावसाळ्याआधी खालून अंडरकोटिंग बघाच.

प्रश्न : सर, ई२० पेट्रोलमुळे जुन्या गाड्या संपल्या असं सगळे म्हणतात. दोघींपैकी कुणाला कमी त्रास? (कोल्हापूर)

उत्तर : संपल्या वगैरे काही नाही, पण काम करावं लागेल, आणि ते दोघींनाही सारखंच.

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि इथेनॉल जुनं रबर खातं. म्हणजे पेट्रोलचे पाइप, पंपातला पडदा, कार्बोरेटरमधले सील, हे फुगतात, मऊ होतात आणि एक दिवस पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकायला लागतं. हे गमतीचं नाही, आगीचं काम आहे. इथेनॉलला चालणारे पाइप आता मिळतात, दुकानात स्पष्ट विचारून तेच घ्या आणि पंपाचा पडदा पण त्याच जातीचा टाका. दुसरं, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे गाडी दोन-दोन महिने उभी ठेवली की टाकीच्या तळाला पाणी आणि गंज. पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा, नुसती जागेवर सुरू करून बंद करू नका, दहा किलोमीटर तरी फिरवा. तिसरं, इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो त्यामुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिश्रण पातळ होतं, गाडी धक्के मारते, सायलेन्सरमध्ये फटफट होते. कार्बोरेटरचा जाणकार असेल तर तो एक नंबर मोठं जेट बसवून देतो. आणि मायलेज कमी होणार हे धरूनच चाला, इथेनॉलमध्ये उष्णताच पेट्रोलपेक्षा कमी असते.

अँबॅसिडरवाल्यांना एक जास्तीची गोष्ट. आपल्याकडे २००० साली शिसं असलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट त्याच बिडात कापलेली असते आणि शिशाचा पातळ थर तिथे गादीसारखं काम करायचा. ती गादी गेली. तुमच्या हेडला नंतर कडक सीट बसवल्यात की नाही हे हेड न उघडता कळायचा एक मार्ग आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं टॅपेट सेट करा आणि दोन हजार किलोमीटरनंतर परत बघा. टॅपेट कव्हर काढायचं, फीलर गेजचं पान रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधे घालायचं, ते वहीच्या दोन पानांमधून तिसरं पान ओढावं तसं किंचित धरून सरकलं पाहिजे. गॅप दर वेळी कमी झालेली सापडत असेल, पान आत जातच नसेल, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बुडतोय. मग पुढच्या हेडच्या कामाला कडक सीट बसवून घ्या. गॅप जागेवर राहत असेल तर हात लावू नका, चांगलं चाललेलं हेड कुणाच्या सांगण्यावरून उघडायचं नाही.

प्रश्न : मे महिन्यात खंबाटकीत आमची गाडी दोनदा बंद पडली, थंड झाली की सुरू. मेकॅनिक म्हणतो कॉइल, दुसरा म्हणतो कंडेन्सर, तिसरा म्हणतो इंजिन काढा. फियाट आहे. (फलटण)

उत्तर : इंजिन काढा म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका.

उन्हात, चढावर, ट्रॅफिकमध्ये बंद आणि अर्ध्या तासाने सुरू, हे बहुतेक वेळा पेट्रोलची वाफ होणं असतं. पंप इंजिनाच्या अंगालाच बसलेला, तो टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, आणि गाडी हळू चालत असेल तर हवा लागत नाही, पाइपातलं पेट्रोल उकळतं आणि पंप वाफच ओढत बसतो. पुढच्या वेळी बंद पडली की बोनेट उघडा, फडकं पाण्यात भिजवून पंपावर आणि पाइपावर ठेवा, पाच मिनिटांत सुरू झाली तर रोग सापडला. आमच्या लहानपणी डिकीत कायम एक बाटली आणि एक जुना पंचा असायचा तो याच्यासाठी. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून लांब घ्या, मधे पत्र्याचा आडोसा लावा, रेडिएटर आतून साफ करा.

ओल्या फडक्याने काहीच झालं नाही तर मग कॉइल आणि कंडेन्सर, म्हणजे ठिणगी पाडणारे भाग. कॉइलला हात लावून बघा, हात ठेवता येत नाही इतकी तापली असेल तर तिच्यावर संशय घ्या.

प्रश्न : मी लेस्टरला राहतो, मूळ अहिल्यानगरचा. इथे जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री बघितली आणि डोळ्यात पाणीच आलं, आमच्या डॉक्टर आजोबांची अँबॅसिडर अशीच. दोन्ही एकच का? आणि गावाकडच्या गाडीला इथून काही पाठवता येईल का? (लेस्टर, इंग्लंड)

उत्तर : एकच म्हणायला हरकत नाही. सिरीज थ्री तिकडे १९५६ ते ५९ एवढीच होती, आपल्याकडे तिचीच अँबॅसिडर झाली आणि मे २०१४ पर्यंत बनत राहिली. पहिल्या अँबॅसिडरला साइड व्हॉल्व्हचं इंजिन होतं, मग १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह आलं, जे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी सिरीज म्हणून ओळखलं जातं.

आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो! हे बी सिरीज इंजिन १४८९ सीसीमध्ये एमजीए आणि मॅग्नेटसारख्या एमजीच्या गाड्यांनाही होतं, आणि एमजीवाल्यांचा तिकडे मोठा संसार आहे, पार्ट अजून नवे बनतात. गॅस्केट, बेअरिंग, व्हॉल्व्ह यातलं बरंच जुळतं, पण इंजिन नंबर आणि जुन्या पार्टचं माप इथून मागवूनच घ्या, अंदाजाने घेऊ नका. एक सांगून ठेवतो, या इंजिनाला क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सील नाही, आट्यांसारखी खाच आहे जी फिरताना ऑइल आत ढकलते. गाडी उभी केली की एखादा थेंब पडणार. आजोबांच्या पोर्चमध्ये ऑइलचा डाग असेल तर तो बिघाड समजून कुणी इंजिन खोलू नये.

प्रश्न : अँबॅसिडरचं स्टिअरिंग जड पण सरळ, आणि फियाटचं हलकं पण मधे रिकामं लागतं. बुश, बॉल जॉइंट सगळं नवीन टाकलं तरी तसंच. का? (बार्शी)

उत्तर : कारण दोघींची यंत्रणाच वेगळी. अँबॅसिडरला रॅक अँड पिनियन आहे, आज मारुतीला असतं तेच, पन्नासच्या दशकातल्या गाडीत ते असणं ही मोठी गोष्ट होती. फियाटला वर्म गिअरचा स्टिअरिंग बॉक्स, त्यात मधोमध थोडा प्ले असतोच. बॉक्सवर अॅडजस्ट करायचा स्क्रू आहे, पण तो पूर्ण आवळून प्ले शून्य करायला जाऊ नका, मग वळणावर स्टिअरिंग अडकतं आणि परत येत नाही.

सस्पेन्शनमध्ये मात्र मला फियाट उजवी वाटते. पुढे दोन विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, वळणावर ती जास्त विश्वासाने बसते. अँबॅसिडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ खाणारी लांब सळई, आणि जुन्या मॉडेलला लिव्हरचे शॉकअप. खड्ड्यातून ती जे तरंगत जाते ते सुख फियाटला नाही, पण वळणावर झुकते. पुढून गाडी बसली असेल तर टॉर्शन बारची पकड बदलून उंची परत मिळते, नवीन बार घ्यायची घाई करू नका. मागे दोघींना पाटेच. आणि ग्रीसिंग, दर दीड हजार किलोमीटरला प्रत्येक निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारायची.

प्रश्न : पद्मिनीची तुलना अँबॅसिडर १८०० आयएसझेडशी केली तर? माझ्याकडे १९९४ ची आहे, सगळ्यांना मागे टाकते. (सोलापूर)

उत्तर : टाकणारच हो. तिचं इंजिन इसुझूचं १८१७ सीसी, ७५ च्या आसपास बीएचपी आणि खाली पाच गिअर. बॉडी जुनी पण आतलं सगळं दुसऱ्या पिढीचं. ही तुलना पद्मिनीशी लावणं बरोबर नाही, त्या काळच्या मारुतीशी लावा. गाडी मात्र जपा, आयएसझेड लोकांनी टॅक्सीला जुंपून संपवल्या, नीट राहिलेल्या फार थोड्या आहेत.

प्रश्न : १९७३ ची प्रेसिडेंट आहे. ५० वर्षं झाली. व्हिंटेज नोंदणी करावी की नेहमीचंच रिन्युअल? (पुणे)

उत्तर : तुम्ही गाडी किती चालवणार यावर आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात असलेली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नवीन नोंदणीला २० हजार आणि पुढे नूतनीकरणाला ५ हजार. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर राहतो, नव्याने नोंदली तर नंबरात व्हीए येतं. पण अशी गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तुम्ही जर दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाणार असाल आणि मधेच भाजीही आणणार असाल तर नेहमीचं दर पाच वर्षांचं रिन्युअल करा, फिटनेस आणि पर्यावरण कर भरा. २० वर्षांवरच्या कारची रिन्युअल फी २०२५ मध्ये वाढून १० हजार झालीय, तेवढं धरून ठेवा.

आणि "मूळ रूपात" हे शब्द नीट वाचा. मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं की पद्मिनीत आल्टोचं इंजिन बसवू का, किंवा डिझेल टाकू का. माझं उत्तर नाही. त्या ब्रेकला, त्या स्टिअरिंगला ती पॉवर झेपत नाही, आरटीओत ती गाडी अडकते, आणि १०८९ सीसीचं ते इंजिन थंडीत चोक ओढून सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला जो घुर्र आवाज करतं आणि मग चोक हळूहळू आत ढकलताना एका क्षणी एकदम मऊ होतं, ते परत कुठून आणणार.

प्रश्न : पहिला गिअर टाकताना करकर आवाज. दोन्ही गाड्यांना. गिअरबॉक्स गेला का? (सांगली)

उत्तर : नाही. दोघींच्याही पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरांचा वेग आपोआप जुळवणारी कडी, नाही. गाडी पूर्ण थांबल्यावरच पहिला टाका, क्लच दाबून दोन सेकंद थांबा आणि मग टाका. चालत्या गाडीत पहिला हवाच असेल तर डबल क्लच शिका, म्हणजे न्यूट्रलला आणून क्लच सोडायचा, थोडा अॅक्सिलरेटर द्यायचा, परत क्लच दाबून गिअर. सांगलीत गणपती मंदिराच्या बाजूला कृष्णेचा घाट आहे ना, सकाळी सहाला तिथला रस्ता मोकळा असतो, आठ दिवस तिथे प्रॅक्टिस करा. आणि आवाज दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरलाही येत असेल तर मात्र मला परत लिहा, गाडी कुठली आणि ऑइल शेवटचं कधी बदललं तेही कळवा.